वेगवान मोटारीचें स्नान

रांजणगांव म्हटलें कीं आपल्या घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें महागणपति उभा राहतो. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेलें कुटुंब नगरच्या रस्त्यानें शिरूर तालुक्यांत येतें, महागणपतीचें दर्शन घेतें, आणि न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंडकडे व तेथून सिद्धटेकाकडे वळतें. हा मार्ग आमच्या बहुतेक वाचकांच्या पायांखालचा नसला तरी चाकांखालचा खचित आहे. घरांतील तरुण मंडळींना मात्र रांजणगांवची दुसरीच एक ओळख अधिक जवळची वाटते. तेथील औद्योगिक वसाहतींत टाटा व फियाट यांच्या भागीदारीचा मोटारींचा मोठा कारखाना आहे. जीप कंपास ही गाडी २०१७ पासून तेथेंच तयार होऊं लागली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यापूर्वीं दोन वर्षें, २०१५ च्या ऑक्टोबरांत, ह्याच कारखान्यांत तयार झालेली अबार्थ पुंटो नांवाची एक लहानशी पण विलक्षण चपळ मोटार बाजारांत आली होती. आजचा विषय आम्हांस तिच्यावरून सुचला.

दिसावयास ही पांच दारांची घरगुती गाडी. आजीबाईंना मागच्या आसनावर बसवून देवदर्शनास न्यावी अशी. परंतु तिच्या पोटांत १४५ अश्वशक्तीचें इंजिन आणि कपाळावर विंचवाचें चिन्ह! कार्लो अबार्थ हे गृहस्थ १९०८ च्या नोव्हेंबरांत व्हिएन्ना येथें जन्मले. पाश्चात्त्य पद्धतीनें त्यांची रास वृश्चिक. म्हणून १९४९ सालीं इटलींत त्यांनीं शर्यतीच्या मोटारींचा उद्योग काढला तेव्हां त्यास विंचवाचें चिन्ह दिलें. तो विंचू फिरत फिरत शिरूरच्या माळावर येऊन बसला, जेथें खऱ्या विंचवांचीहि वानवा नाहीं. पुढें पुंटोचें उत्पादन बंद झालें. त्यामुळें ज्यांच्या दारीं ती आहे ते तिला जिवापाड जपतात, आणि जपण्याच्या भरांत रोज सकाळीं पुसून पुसून तिचें तेज घालवितात. वेगवान मोटारीच्या यंत्रास रस्त्यावर धोका असेल. तिच्या रंगास खरा धोका अंगणांतच असतो.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत नेमकें हेंच झालें. पुतण्यानें हौसेनें काळी गाडी घेतली. काका पहाटे उठणारे व नीटनेटकेपणाचे भोक्ते. पुतण्या उठण्यापूर्वींच ते जुन्या धोतराच्या फडक्यानें गाडी लख्ख पुसून ठेवीत. वर्ष संपलें आणि उन्हांत उभ्या गाडीच्या अंगावर कोळ्याचीं जाळीं विणल्यासारख्या बारीक रेषा दिसूं लागल्या. काका म्हणाले, "तुझ्या ह्या गाडीचें रोगणच कच्चें." पुतण्यानें मोठ्या आदरानें, पण स्पष्ट सांगितलें, "काका, रोगण कच्चें नाहीं, आपलें फडकें कोरडें आहे." चार दिवस दोघांत बोलणें बेताचेंच झालें. ह्यांत पुतण्याची बाजू खरी होती, व ती कां खरी होती हें प्रत्येक मोटारवाल्या कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

मोटारीचा रंग म्हणजे भिंतीस दिलेला चुना नव्हे. कारखान्यांत पत्र्याचा सांगाडा प्रथम स्वच्छ करितात, मग तो रसायनांत बुडवून विजेच्या साहाय्यानें त्यावर गंजरोधक लेप चढवितात. त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक थर. ह्या शेवटच्या थरास कारखान्यांतील लोक क्लिअर कोट म्हणतात. गाडीची सारी चमक ह्या एका थरांत असते. सगळे थर मिळून जाडी भरते ती साधारणतः मिलिमीटरच्या आठव्या किंवा दहाव्या हिश्श्याइतकी. आणि तो पारदर्शक थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा, पुष्कळदां त्याहूनहि पातळ. आपल्या डोक्याचा केस बहुधा त्यापेक्षां जाड निघेल.

हा थर कारखान्यांत सुमारें १४० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजून पक्का केलेला असतो. तेव्हां गाडी म्हणजे केवळ पत्र्याचा सांगाडा असतो. तींत आसनें नसतात, काचा नसतात, तारा व रबर कांहीं नसतें. पुढें गॅरेजांत पुन्हां रंग द्यावयाचा झाला तर तयार गाडीस इतकी उष्णता देतां येत नाहीं. सुमारें ६० अंशांवरच भागवावें लागतें. अर्थात् मूळचा रंग हा मुंजीसारखा एकदांच होणारा संस्कार समजावा. ओरखडे पडल्यावर "पॉलिश मारून घेऊं" असें म्हणणारांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, पॉलिशानें ओरखडा भरून निघत नाहीं. ओरखड्याच्या तळापर्यंत भोंवतालचा थर खरवडून काढला जातो, इतकेंच. हा खर्च व्याजांतून होत नाहीं, मुद्दलांतून होतो, आणि हें मुद्दल पुन्हां भरतां येत नाहीं.

आतां ओरखडा काढतो कोण? गाडीवर पडलेली धूळ स्वस्थ बसली असतां कांहींच करीत नाहीं. तिला फडक्याखालीं दाबून पुढें ओढलें कीं तिची कानस होते. त्यांतून शिरूर व दौंड ह्या तालुक्यांची धूळ सामान्य नव्हे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत. पावसाचे चार दिवस सोडले तर वर्षाचा मोठा भाग रस्ते कोरडेच. रस्त्याची खडी काळ्या पाषाणाची, धूळहि पुष्कळशी त्याच पाषाणाची, आणि तींत वाळूचे बारीक कण मिसळलेले. गारेचा कण काचेसहि ओरखडा काढूं शकतो. मग त्या नाजूक थराची काय कथा! उसाचा हंगाम सुरू झाला कीं ट्रॅक्टरांच्या चाकांनीं शेतांतली काळी माती डांबरावर येते. ही माती ओली असतां मेणासारखी चिकटते व वाळली कीं खड्यासारखी कठीण होते. चौफुल्यावरून केडगांवच्या बाजूस गेलें तर गुऱ्हाळांच्या चुलाणांतील राख व काजळी यांची त्यांत भर. अशा गाडीवरून सकाळीं झटकणी किंवा पिवळें फडकें फिरविणें म्हणजे पैठणी दगडावर आपटून धुण्यासारखेंच आहे.

तेव्हां पहिला नियम असा, कीं कोरडी गाडी कधींहि पुसूं नये. धूळ दिसते म्हणून जीव अस्वस्थ होत असेल तर काचा, आरसे आणि दिवे ओल्या फडक्यानें स्वच्छ करावे. त्यांची स्वच्छता सुरक्षिततेसाठीं अवश्यच आहे. बाकीचें अंग पुढच्या धुण्यापर्यंत तसेंच राहूं द्यावें. आठपंधरा दिवसांतून एकदां नीट धुतलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षां दहा वर्षांनंतर अधिक तजेलदार दिसते.

दुसरा नियम वेळेचा. धुणें सकाळीं लौकर किंवा दिवस कलल्यावर, सावलींत करावें. रांजणगांवाहून दौंडास जाऊन आलेली गाडी लगेच धुवावयास घेऊं नये. बॉनेटचा पत्रा तापलेला असतो, त्यावर साबणाचें पाणी क्षणांत वाळून डाग पडतात. वेगवान गाड्यांचे ब्रेक जोरानें वापरले जातात, त्यामुळें चाकांमागील लोखंडी चकत्या फार तापतात. त्यांवर एकदम गार पाणी ओतलें तर त्या वांकण्याचें भय असतें. तासभर गाडीस विसांवा द्यावा. दुरून आलेल्या पाहुण्यास आपण आल्याबरोबर स्नानास पाठवीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

तिसरा नियम समजावयास आमच्या वाचकांना मुळींच अडचण पडूं नये, कारण सोंवळ्याओंवळ्याचा विवेक आपल्या घरांत लहानपणापासून शिकविलेला असतो. गाडी धुण्यास बादल्या दोन हव्यात. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या शॅम्पूचें पाणी, ही सोंवळी. दुसरींत नुसतें स्वच्छ पाणी, ही ओंवळी. धुण्याचा मऊ हातमोजा सोंवळ्या बादलींत बुडवून गाडीच्या एका भागावरून फिरवावा. मग तो प्रथम ओंवळ्या बादलींत खळबळून, त्यांतील माती तेथेंच सोडून, पिळावा, आणि नंतरच पुन्हां सोंवळ्या बादलींत घालावा. खरकटा हात तुपाच्या भांड्यांत घालूं नये, हा जो स्वयंपाकघरांतील दंडक तोच येथें पाळावयाचा. एका बादलींत सारी गाडी धुणारा मनुष्य दरवाजावरून काढलेली माती पुन्हां बॉनेटवर घासून लावीत असतो.

क्रम असा ठेवावा. चाकें सर्वांत घाण. तीं प्रथम, निराळ्या फडक्यानें व निराळ्या पाण्यानें धुवावीं. ब्रेक लावतांना पट्ट्या झिजतात व त्यांची लोहमिश्रित काळी भुकटी चाकांवर बसते. चाकांचें फडकें अंगास लावणें म्हणजे पोतेऱ्यानें ताट पुसणें होय. त्यानंतर साऱ्या गाडीवर वरून खालीं पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. ह्या वेळीं हात लावूं नये. मग शॅम्पूचा फेस पांच मिनिटें राहूं द्यावा, म्हणजे चिकटलेली काळी माती भिजून सुटते; मात्र तो वाळतां कामा नये. पुन्हां पाणी सोडावें आणि त्यानंतरच हातमोजा घ्यावा. आधीं टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारें, आणि शेवटीं चाकांलगतचा खालचा भाग. हात हलका व सरळ रेषेंत चालवावा, गोल गोल घासूं नये. फडकें जमिनीवर पडलें तर तें त्या दिवसापुरतें बाद समजावें; झटकून घेतलें तरी त्यांतील वाळूचा कण निघत नाहीं.

कपड्यांची धुण्याची पावडर ह्या कामीं वर्ज्य. तिचे न विरघळलेले कण खरवडतात व तिचा क्षार गाडीवर दिलेलें संरक्षक मेण उतरवून टाकतो. भांड्यांच्या साबणाचीहि मेण उतरविण्यापुरती तीच तऱ्हा. चमक यावी म्हणून रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा फिरविण्याची कांहीं ठिकाणीं चाल आहे. त्यानें तास दोन तास तेज दिसतें, पण दारांच्या रबरी पट्ट्या फुगतात, आणि त्या तेलकट अंगावर पुढची धूळ अधिकच धरते.

पाण्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. ह्या भागांत पुष्कळ घरीं बोअरचें पाणी असतें, आणि तें बहुधा जड. साबणास फेस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं, आणि पाणी तापविण्याच्या भांड्यांत पांढरा थर धरतो, हीं त्याचीं लक्षणें आमच्या भगिनींस पाठ आहेत. तोच थर गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें बसतो. ते ठिपके ताजे असतां पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनें निघतात. लगेच स्वच्छ पाण्यानें धुवावें म्हणजे झालें. जुने झाले कीं थरांत मुरतात. म्हणून गाडी वाऱ्यावर वाळूं देऊं नये. मायक्रोफायबरचा मोठा पंचा पत्र्यावर पसरून अलगद टिपून घ्यावा. शेवटच्या खळबळण्यास पावसाचें सांठविलेलें पाणी मिळालें तर त्यासारखें दुसरें नाहीं. पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून जें पाणी वायां जातें तें गाडीसाठीं सांठविण्याची काटकसर कांहीं घरांत करितात. हेतु चांगला, परंतु त्या पाण्यांत क्षार मूळ पाण्यापेक्षांहि अधिक असतात. तें अंगण धुण्यास वापरावें.

वेगवान गाडीच्या कांहीं गोष्टी साध्या गाडीहून निराळ्या असतात. अबार्थच्या अंगावर तांबडे पट्टे चिकटविलेले आहेत. पाणी जोरानें फेंकणारी नळी अशा पट्ट्याच्या कडेवर तिरकी धरली तर कड सुटते. ती निदान हातभर दूर धरावी. तीच नळी पुढच्या जाळीमागील रेडिएटरवर रोखली तर त्याच्या पातळ पाकळ्या दुमडतात. इंजिनाच्या कप्प्यांत पाणी मारूं नये. विजेच्या जोडण्यांत तें शिरलें कीं दोष शोधीत बसावें लागतें. धुणें झाल्यावर गाडी तशीच लावून ठेवूं नये. दोनचारशे पावलें सावकाश चालवून ब्रेक तीनचार वेळां हलके दाबावे, म्हणजे चकत्या वाळतात व गंजाची तांबूस सांय धरत नाहीं.

पक्ष्यांच्या विष्ठेस मात्र आठवड्याची सवलत देऊं नये. उन्हानें थर मऊ होतो व वाळणारी विष्ठा आम्लासकट त्यास धरून आंवळते. डाग कायमचा उमटतो. चिंचेच्या वा वडाच्या सावलींत गाडी ठेवणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. ओलें फडकें त्यावर दोन मिनिटें ठेवून, भिजल्यावर उचलून घ्यावें. नखानें खरवडूं नये.

नवी गाडी महागणपतीपुढें नेऊन पूजा करण्याची रीत आहे, दसऱ्यासहि गाडीची पूजा होते. तींत कांहीं कमी करावें असें आम्ही सुचवीत नाहीं. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोंपऱ्यांत काढावें. काचेवरील हळदकुंकू सहज निघतें, रंगावरील हळद डाग ठेवते व वाळलेलें कुंकू घासतांना ओरखडे पडतात. नारळ बॉनेटवर न ठेवतां भुईवर फोडावा. झेंडूची माळ तारेनें बांधून गाडी चालवूं नये. हलणारी माळ आणि तिची तार दिवसभर एकाच जागीं घासत राहते.

शेवटचा मुद्दा गाडीपुरता नाहीं. जी नळी १५ लिटरची बादली दीड मिनिटांत भरते, ती वीस मिनिटें चालूं ठेवली तर २०० लिटर पाणी जातें. आधीं सांगितलेल्या रीतीनें दोन बादल्या व वर खळबळण्यास आणखी दोनतीन, इतक्यांत काम भागतें. ज्या तालुक्यांतील कांहीं गांवांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हा हिशेब प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. पाणी वांचविण्यासाठीं कोणी गाडी थेट नदीपात्रांत उतरवितात, हें तर सर्वांत वाईट. काठची वाळू गाडीस लागते ती लागतेच. शिवाय इंजिनाचें तेल व साबण पाण्यांत मिसळतो. शिरूरला लोक घोडनदी म्हणतात तें ज्या नदीवरून, ती घोड पुढें भीमेस मिळते, आणि भीमेच्या कांठीं दौंड आहे. आपण गाडीवरून काढलेली घाण कोणाच्या तरी पाणवठ्यावर जाऊन पोंचते.

शहरांतील वाचकांच्या वसाहतींत पहाटे एक मनुष्य एक बादली व एक फडकें घेऊन येतो आणि वीस गाड्या पुसून जातो. विसाव्या गाडीवर पहिल्या एकोणीस गाड्यांची माती फिरते. त्याला दोष देण्यापूर्वीं आपण त्याला काय दिलें हें मालकांनीं आठवावें. दोन फडकीं आणि दोन बादल्या यांचा खर्च फार नाहीं. त्याला हें सारें एकदां शांतपणें समजावून सांगावें, पगार तोच ठेवून रोज फक्त काचा पुसावयास सांगाव्या, आणि आठवड्यांतून एक दिवस नीट धुण्यास पुरेसा वेळ द्यावा. हात त्याचे चांगलेच असतात; रीत आणि साधनें आपण पुरवावयाचीं.

वर सांगितलेल्या कुटुंबांत आतां रविवार सकाळ ठरलेली आहे. चाकें व ओंवळी बादली पुतण्याकडे, हातमोजा व सोंवळी बादली काकांकडे. कोरडें फडकें धोतराच्या घडीसह कपाटांत गेलें. पडलेल्या रेषा पूर्ण गेल्या नाहींत, पण नव्या पडल्या नाहींत. ज्या घरांत गाडीवरून वडील आणि तरुण यांत कुरबूर चालते, तेथें ही वांटणी करून पाहावी, अशी आमची सूचना आहे. वडिलांचा नीटनेटकेपणा आणि तरुणांची माहिती एकत्र आलीं तर गाडी टिकेल, आणि घरांतील सकाळहि गोड जाईल.